तोंडाचा वास: उगम पोटात नव्हे, जिभेच्या मुळाशी

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात मागच्या महिन्यात माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. आजूबाजूला आणखी चार गिऱ्हाइके होती, म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरून, पुढे वाकून, अगदी हळू आवाजात पोट साफ होण्याचे चूर्ण मागितले. कशासाठी हवे असे दुकानदाराने विचारल्यावर ते म्हणाले, "तोंडाला वास येतोय हो, पोटच बिघडलंय. तीन वर्षं झाली." तीन वर्षे चूर्ण घेऊनही वास जात नाही, याचा अर्थ दुखणे दुसरीकडेच असावे, हे त्यांना थांबवून सांगावे असे मला फार वाटले, पण परक्या माणसाशी या विषयावर बोलायचे कसे, हा संकोच आडवा आला आणि ते डबा पिशवीत घालून निघून गेले. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

गोबरगॅसच्या टाकीत जे घडते तेच

आपल्या भागातल्या अनेक गोठ्यांशेजारी गोबरगॅसची टाकी असते. उघड्यावर पसरलेले शेण दोन दिवसांत वाळते आणि त्याचा वासही उडून जातो, पण तेच शेण पाण्यात कालवून बंद टाकीत घातले, की हवा नसलेल्या त्या जागेत वेगळ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात आणि वायू तयार होतो. त्या वायूला जो सडक्या अंड्यासारखा दर्प असतो, तो त्यातल्या थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तोंडाला येणाऱ्या वासातला एक मुख्य वायूही हायड्रोजन सल्फाइडच आहे, कारण कारखाना त्याच जातीचा आहे.

तोंडात प्राणवायूशिवाय वाढणारे जिवाणू प्रत्येकाच्याच असतात. अन्नाचे बारीक कण, गळून पडलेल्या मृत पेशी, लाळेतली आणि हिरड्यांतून झिरपणाऱ्या रक्तातली प्रथिने हे त्यांचे खाद्य असते. प्रथिनांमध्ये गंधक असते, आणि प्रथिने कुजताना ते गंधक वायूच्या रूपाने बाहेर पडते. या वायूंना गंधकी वायू म्हणू. त्यांपैकी मिथाइल मरकॅप्टन नावाच्या वायूचा वास कुजलेल्या कोबीसारखा असतो आणि हिरड्यांचा आजार असलेल्यांच्या तोंडात तो अधिक आढळतो. मग एकाच्या तोंडाला वास येतो आणि दुसऱ्याच्या नाही, असे का होते? कारण प्रश्न जिवाणू असण्याचा नाही. त्यांना हवा न लागणारी अडचणीची जागा आणि भरपूर खाद्य कोणाच्या तोंडात मिळते, याचा आहे.

जीभ ही घोंगडीसारखी असते

अशी सर्वांत मोठी जागा म्हणजे जिभेचा मागचा भाग. जिभेचा पृष्ठभाग आरशात गुळगुळीत दिसला तरी जवळून पाहिल्यास तो घोंगडीसारखा केसाळ असतो. जत-आटपाडीकडच्या खरखरीत घोंगडीवर पीठ सांडले, तर वरवर झटकून ते निघत नाही, लोकरीच्या मुळाशी जाऊन बसते. जिभेच्या बारीक उंचवट्यांमध्ये अन्नकण आणि मृत पेशी तशाच बसतात. पुढचा भाग बोलताना आणि खाताना दातांवर, टाळूवर घासला जाऊन आपोआप स्वच्छ होतो, परंतु घशाजवळचा भाग कशालाच घासत नाही आणि तिथे पांढरा किंवा पिवळसर थर साठत जातो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नेमके हेच निरीक्षण आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी, असे तिथे सांगितले आहे. त्यासाठीची पट्टी सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली आणि वाकवलेली असावी, इतका तपशीलही दिला आहे. जिवाणू कोणी पाहिलेले नसताना जागा अचूक ओळखली गेली होती, आणि आज आपण मात्र ती सोडून पोटाकडे बोट दाखवतो.

नदी आटली की डोह वास मारतो

लाळेचे महत्त्व समजायला सांगलीकराला आयर्विन पुलावर उभे राहिले तरी पुरे. पावसाळ्यात कृष्णा दुथडी भरून वाहते तेव्हा पाणी गढूळ असले तरी त्याला कुजका वास नसतो. उन्हाळ्यात धार बारीक झाली, की साचलेल्या डबक्यांतून दर्प येऊ लागतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नकण वाहून नेते, जिवाणूंना आवर घालते आणि प्राणवायूही पोहोचवते. झोपेत हा प्रवाह अगदी मंदावतो, त्यामुळे सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला वास येतो; चूळ भरून, दात घासून, काही खाल्ल्यावर तो गेला, तर त्याला आजार समजण्याचे कारण नाही.

दिवसभर लाळ कमी राहिली तर मात्र तोच सकाळचा वास संध्याकाळपर्यंत टिकतो. उसाच्या फडात किंवा गाडीवर दिवस काढणारी आणि पाणी कमी पिणारी माणसे, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणारी मुले, सर्दीच्या, नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे रुग्ण आणि मधुमेही यांच्यात कोरडे तोंड हेच कारण अनेकदा निघते. गोळ्यांमुळे तोंड कोरडे पडत असेल तर त्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगितल्यास बहुतेक वेळा पर्याय निघतो.

एकादशीच्या कडक उपवासालाही हेच लागू पडते. पाणी कमी, चावणे नाही, म्हणून लाळ कमी; शिवाय लांबलेल्या उपवासात शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारे अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडते. उपवास सोडला की हा वास जातो.

"पण वास पोटातूनच येतो ना?"

हा समज इतका पक्का आहे, की दंतवैद्याने दात तपासू म्हटल्यावर रुग्णालाच आश्चर्य वाटते. वस्तुतः घसा आणि जठर यांना जोडणारी अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ती उघड्या धुराड्यासारखी नसल्यामुळे ढेकर आल्याशिवाय पोटातला वायू तोंडात येत नाही. तोंडाला सतत वास येणाऱ्या दहा जणांपैकी आठ ते नऊ जणांच्या वासाचा उगम तोंडातच सापडतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे मूळ नाकात, सायनसमध्ये किंवा टॉन्सिलच्या खळग्यांत असते. त्या खळग्यांत पांढरट, अतिशय दुर्गंधी खडे तयार होतात आणि कधी कधी खोकताना बाहेरही पडतात.

पोटाचा संबंध कधीच नसतो असे मी म्हणणार नाही. आंबट पाणी वारंवार घशाशी येणे किंवा जठरातला जिवाणू संसर्ग यांचा हातभार काही जणांत असतो. पण जळजळ नाही, करपट ढेकर नाहीत, आणि तरीही केवळ तोंडाच्या वासासाठी वर्षानुवर्षे रेचक चूर्ण घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार आहे. रोजच्या रेचकांनी आतड्याला सवय लागते ते निराळेच.

"मी दोन वेळा ब्रश करतो, तरीही?"

पाण्याचा माठ आठवावा. आतून बुळबुळीत थर धरलेला माठ नुसता विसळून स्वच्छ होत नाही, हात घालून घासावाच लागतो, आणि काठापाशी किंवा बुडाच्या कडेला घासायचे राहिले तर दोन दिवसांत वास परत येतो. दातांवरही जिवाणूंचा असाच चिकट थर बसतो. ब्रश दातांच्या दर्शनी बाजूवरून फिरतो, पण दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला तो पुरेसा पोहोचत नाही, आणि जिभेवर तर अनेक जण फिरवतच नाहीत. फटीसाठी फ्लॉसचा दोरा किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश वापरावा लागतो. वापरल्यावर तो दोरा नाकाशी धरून पाहावा. वास कुठून येतो याचे उत्तर पुष्कळांना तिथेच मिळते.

तो थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार मिसळून दगडासारखा टणक होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने हिरडी सुजते, दातापासून सुटते, तिथे खळगा पडतो आणि हवा न लागणारी आणखी एक टाकी तयार होते. ब्रश करताना रक्त येणे ही त्याची पहिली खूण होय. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश फिरवायचे टाळले, तर आजार अधिकच वाढतो.

इथे हमखास एक शंका येते: दवाखान्यात दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असे गावोगाव ऐकायला मिळते. त्यामागचे खरे कारण असे, की दाताभोवतीचे हाड आजाराने आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या गठ्ठ्याने दात एकमेकांशी जखडलेले असतात. गठ्ठा काढल्यावर मुळात सैल असलेला दात सैल जाणवतो. पडक्या भिंतीला टेकलेला लाकडाचा ढीग उचलल्यावर भिंत हलली, तर दोष ढीग उचलणाऱ्याचा नसतो. उलट, कीटण काढल्यावर सूज ओसरून हिरड्या घट्ट होण्याची शक्यता असते, आणि काढण्याचे काम जितके लवकर होईल तितके हाड वाचते.

मिश्री

सातारा-सांगलीच्या खेड्यांत तोंडाच्या आरोग्याबद्दल लिहायचे आणि मिश्रीबद्दल लिहायचे नाही, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तासगावकडच्या माझ्या एक आत्या पाहुण्यांशी बोलताना कायम पदराचा कोपरा तोंडावर धरत. लहानपणी आम्हांला ती त्यांची मर्यादा वाटे. पुढे कधीतरी त्यांनीच माझ्या आईला सांगितले, की तोंडाला वास येतो म्हणून त्या पदर धरतात, आणि वास येतो म्हणूनच दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, पाट्यावर वाटलेली ती पूड, कोनाड्यातली पत्र्याची डबी आणि डाव्या तर्जनीवर पडलेला काळपट डाग हे सगळे मला आजही दिसते. त्या जिला औषध समजत होत्या, तीच त्यांच्या हिरड्या खात होती.

मिश्री म्हणजे तंबाखूच. भाजल्याने ती निरुपद्रवी होत नाही, उलट जळण्यामुळे कर्करोगाला कारण होणारी काही द्रव्ये वाढतात. तिने दातदुखी दबते आणि सकाळी पोट साफ होते असे वाटते, ते निकोटिनमुळे. आणि निकोटिनचेच व्यसन लागते. हिरड्या दातांवरून खाली सरकतात, मुळे उघडी पडतात, गालाच्या आत पांढरे चट्टे उमटू शकतात. गरोदर बाईने मिश्री लावली तर बाळाच्या वजनावरही परिणाम होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण घरात भाजली जाणारी मिश्री कोणत्याही बंदीत सापडत नाही. "आजी लावायची आणि तिचे दात शेवटपर्यंत होते," असे ज्यांना म्हणावेसे वाटते, त्यांनी आजीच्या बरोबरीच्या बायकांचे काय झाले, तेही आठवून पाहावे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. घरच्यांनी टोमणे मारून व्यसन सुटत नाही. त्या बाईला सोबत लागते.

घरातले उपाय: साफ करणारे, शांतवणारे आणि झाकणारे

नैसर्गिक उपाय खोटे आहेत असे माझे मत नाही. ते कोणते काम करतात हे ओळखून वापरले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

साफ करणाऱ्यांत जीभ खरवडणे सर्वांत वरचे आहे आणि त्याला खर्चही जवळजवळ नाही. तांब्याची, पितळेची किंवा स्टीलची पट्टी घ्यावी, जीभ शक्य तितकी बाहेर काढावी, आणि पट्टी मागून पुढे हलक्या हाताने ओढावी. प्रत्येक वेळी पट्टी धुवावी आणि थर निघायचा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच वेळा, हे करावे. ओकारी येत असेल तर श्वास बाहेर सोडत ओढावी आणि दर दिवशी थोडे थोडे मागे जावे. रक्त येईपर्यंत खरवडणे हा अत्याचार आहे, त्याने जीभ सोलवटते. सकाळइतकेच हे रात्री झोपण्यापूर्वी करणे महत्त्वाचे आहे, कारण लाळ मंदावल्यावर जिवाणूंना जे मिळेल ते रात्रीच मिळते.

कडुलिंब, बाभूळ किंवा करंजाची काडी टोकाला चावून कुंचल्यासारखी केली आणि रोज नवी घेतली, तर ती खरोखर दात साफ करते. मात्र आतल्या बाजूला आणि दाढांच्या मागे ती पोहोचत नाही, आणि दात किडण्यापासून वाचवणारे फ्लोराइड तिच्यात नसते. त्यामुळे काडी आवडत असेल तर सकाळी ती आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट, असे करणे शहाणपणाचे ठरेल.

शांतवणाऱ्यांत आपली हळद येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहेच, आणि हळदीतल्या कुरकुमिनमुळे हिरड्यांची सूज काही प्रमाणात उतरते, असे प्रयोगांतही दिसले आहे. चिमूटभर हळद, किंचित मीठ आणि दोन थेंब तिळाचे तेल हिरड्यांवर बोटाने हलके चोळावे. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरणे, त्रिफळ्याच्या काढ्याने चूळ भरणे, तिळाचे किंवा खोबरेल तेल तोंडात खळखळवून थुंकणे हे उपायही याच वर्गातले आहेत. त्यांनी थर आणि सूज कमी होते. परंतु टणक झालेले कीटण यांपैकी कशानेही विरघळत नाही, आणि हळदीने सूज उतरली म्हणून आजार गेला असे समजण्यात धोका आहे. तेल थुंकायचेच असते, गिळायचे नसते. लहान मुलांना तर हा उपाय देऊच नये.

बडीशेप, लवंग, वेलदोडा, तुळस आणि पुदिना हे मुख्यतः झाकणारे आहेत. चघळल्याने लाळ सुटते हा त्यांचा खरा फायदा, आणि सुगंध अर्धा-पाऊण तास टिकतो. कोणाकडे लग्नाला जायचे असेल तर जरूर चघळावेत. साखरेचा रंगीत थर दिलेली बडीशेप मात्र टाळावी, कारण ती किडीला आमंत्रण देते, आणि लवंगेचे तेल थेट हिरडीवर लावू नये, त्याने भाजते.

काही उपाय सरळ नुकसानीचे आहेत. लिंबू दातांवर चोळल्याने दाताचे वरचे कवच झिजते. कोळशाची पूड आणि जाड राखुंडी दात पांढरे करतात असे वाटते, पण त्या भांडी घासायच्या राखेसारख्या खरवडतात आणि एकदा गेलेले कवच परत येत नाही. बाजारातले अल्कोहोल असलेले माउथवॉश तात्पुरता ताजेपणा देऊन तोंड कोरडे करतात. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश प्रभावी आहे, पण अनेक आठवडे वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून ते दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरतेच घ्यावे.

लसणाचा वास ब्रशने का जात नाही?

मटणाच्या रश्श्यानंतर किंवा लसणाच्या चटणीबरोबर भाकरी खाल्ल्यानंतर कितीही वेळा दात घासले तरी वास राहतो, याचे कारण निराळे आहे. लसणातला एक गंधकी पदार्थ पचनानंतर रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर तासन्‌तास बाहेर पडत राहतो. उपवासातल्या अ‍ॅसिटोनप्रमाणे इथेही वास खरोखर तोंडाबाहेरून येतो. जेवतानाच सोबत दही, दूध, सफरचंद किंवा पुदिना घेतल्यास तो बराच कमी होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. जेवण झाल्यावर घेण्यापेक्षा जेवणाबरोबर घेतल्याने उपयोग अधिक होतो. रश्श्याशेजारी दह्याची कोशिंबीर ठेवण्याची आपली पद्धत या दृष्टीनेही उत्तम आहे.

आपल्याला वास येतो हे कळणार कसे?

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही, कारण नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे सोडून देते. मळीच्या वासात राहणाऱ्या कारखान्याच्या कामगाराला जसा तो जाणवेनासा होतो, तसेच. ओंजळीत फुंकर मारून काही कळत नाही. मनगटाचा आतला भाग चाटून, दहा सेकंद वाळू देऊन हुंगावा, किंवा चमच्याने जिभेचा मागचा भाग खरवडून तो हुंगावा. यांपेक्षा खात्रीचे म्हणजे घरातल्या विश्वासाच्या माणसाला विचारणे. उलट, काही जणांना वास नसताना तो येतो अशी पक्की भीती बसते आणि ते माणसांत जाणे टाळू लागतात. घरचे एकमुखाने नाही म्हणत असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा, आणि भीती जात नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलण्यात कमीपणा मानू नये.

कधी थांबू नये

जीभ, फटी आणि पाणी यांकडे दोन-तीन आठवडे नीट लक्ष देऊनही वास राहिला तर दंतवैद्याकडे जावे. सांगलीत आणि कराडला दंतवैद्यक महाविद्यालये आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात खाजगी दवाखान्यापेक्षा साधारणतः कमी खर्चात तपासणी होते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर चिंचोका, शेंगदाणा किंवा हरभरा आत अडकलेला असू शकतो. तो घरी चिमट्याने न काढता नाक-कान-घसातज्ज्ञांना दाखवावा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याने, एक दिवसही वाया घालवू नये. श्वासाला अमोनियासारखा वास हे मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. मधुमेह्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रावासारखा गोडसर वास येऊन उलट्या, धाप आणि गुंगी असेल, तर ती तातडीची स्थिती आहे आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठले पाहिजे.

दंतवैद्याकडे वासासाठी जाताना बहुतेक जण दात घासून, चूळ भरून आणि वर दोन लवंगा चघळून जातात. लाज वाटते हे मी समजू शकतो, पण अशा वेळी डॉक्टरांना वास हुंगूनच त्याचा उगम शोधायचा असतो. म्हणून आदल्या दोन दिवसांत लसूण आणि कच्चा कांदा खाऊ नये, त्या सकाळी माउथवॉश किंवा अत्तर वापरू नये, सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि शक्य असेल तर ज्याने वास येतो हे आपल्याला सांगितले, त्या माणसालाही बरोबर न्यावे.